निशाणी होती, बोल्ट ढिला होता

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, आजकालच्या पोरांना कामाची निष्ठाच नाही, सहा वाजले की बॅग उचलतात, म्हणून सगळे प्रोजेक्ट रखडतात, असं काहीसं. दोन दिवस ते डोक्यात फिरत होतं. मी पण साठी ओलांडलेला माणूस, आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी आम्ही म्हातारे हेच बोलत असतो, त्यामुळे वाचताना आधी मान डोलावली. पण मग आठवलं की एकतीस वर्षं मी नवी मुंबईत रबाळ्याला एका पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात काढली, त्यातली शेवटची बारा असेंब्ली-टेस्टिंगचा सुपरवायझर म्हणून, आणि तिथे डोळ्यांनी जे बघितलं ते या पत्राशी काही केल्या जुळत नाही. म्हणून लिहायला बसलोय. टायपिंग मुलीने शिकवलंय, चुका सांभाळून घ्या.

पॅनेल म्हणजे काय ते आधी सांगतो कारण नातेवाईकांनासुद्धा अजून कळलेलं नाही. पंप हाऊसमध्ये, हॉस्पिटलच्या तळघरात, मॉलच्या मागच्या बाजूला लोखंडी कपाटांची रांग असते, बाहेर लाल-हिरवे दिवे आणि आत ब्रेकर (गडबड झाली की करंट तोडणारे), कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे), वायरींचे गुच्छ, आणि मागून जाडजूड पट्ट्या गेलेल्या असतात तांब्याच्या नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या, त्यांना बसबार म्हणतात. सगळा करंट त्या पट्ट्यांतून. ते कपाट बनवायचं हे आमचं काम.

तर दोन ऑर्डरींची गोष्ट आहे. शेड तीच, मशिनरी तीच, माणसं जवळजवळ तीच, मध्ये चार-पाच वर्षांचा फरक.

पहिली ऑर्डर एका नगरपरिषदेच्या पाणी योजनेची, नऊ पॅनेलं. त्यात जे जे उलट व्हायचं ते झालं. पत्रा उशिरा आला, ब्रेकर पाच आठवडे लेट, कन्सल्टंटने ड्रॉइंग दोनदा बदललं. मी स्वतः शेठना सांगितलं होतं की तारीख काही गाठता येत नाही, एलडी भरायची तयारी ठेवा. एलडी म्हणजे उशिराचा दंड, आमच्या ऑर्डरमध्ये आठवड्याला अर्धा टक्का होता. आणि ती ऑर्डर आम्ही तारखेच्या चार दिवस आधी गाडीत चढवली.

कशी? दिघ्याचा एक वायरमन होता आमच्याकडे, नाव नको, त्याला आवडणार नाही. सारखे सारखे तेच फीडर, म्हणजे एकेका पंपाचे कप्पे, प्रत्येकाची वायर मोजा, कापा, फेरूल म्हणजे नंबराची नळी घाला, टोकाला लग दाबून बसवा, यात दिवस जातात हे त्याच्या लक्षात आलं. त्याने एक प्लायवूडचा फळा आणला, त्यावर खिळे ठोकले, आणि वायर त्या खिळ्यांभोवतून फिरवून एका फीडरचा अख्खा गुच्छ पॅनेलच्या बाहेरच तयार करायला लागला. नंतर नुसता आत नेऊन बसवायचा. हे असं मोठ्या कंपन्यांत करतात हे मला माहीत होतं पण आमच्याकडे कोणी केलं नव्हतं, आणि त्याला कोणी सांगितलं पण नव्हतं. शेठ राउंडला आले, बघितलं, म्हणाले हे कोणाचं डोकं? मग त्याच्या हाताखाली चार पोरं दिली आणि बाकीच्यांना शिकव म्हणाले. शनिवारी दोन हजार रुपये हातात दिले, पण मला विचाराल तर त्या दोन हजारांपेक्षा "शिकव" या शब्दाने काम केलं. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस सातलाच यायला लागला, आठची शिफ्ट असून.

आणि नंतर शेठने अजून एक गोष्ट केली, जी मला तेव्हा खर्चिक वाटली होती. पंप चालू करायला आमचा इंजिनियर साइटवर जाणार होता, त्याच्याबरोबर दोन वायरमनना पण पाठवलं, त्यात हा दिघ्याचा. कारण काय तर पोरांना बघू दे आपण काय बनवलं ते. वीस वर्षं पॅनेलं बनवणाऱ्या माणसाने चालू पॅनेल बघितलेलंच नसतं साहेब, गाडीत चढलं की संपलं. इंजिनियर सांगत होता, पहिला पंप सुरू झाला तेव्हा याने बायकोला फोन लावून मोबाईल पॅनेलजवळ धरला, "ऐक, ऐक". तिला काय ऐकू येणार, कॉन्टॅक्टरचा एक धाड आवाज आणि मग घुंईं. पण तेव्हापासून तो प्रत्येक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला खाली कोपऱ्यात पेन्सिलने स्वतःचं एक अक्षर लिहायचा. मी एकदा ओरडलो, कस्टमर बघेल म्हणून. म्हणाला, "काका, बघू दे की."

आता दुसरी ऑर्डर.

मधल्या काळात शेठ थकले, कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला. आमच्यासारखे चार-पाच जण कायम राहिले, वायरमन, फिटर सगळे कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर गेले. म्हणजे सकाळी तोच माणूस त्याच टेबलावर, फक्त गळ्यातल्या आयकार्डाचा रंग वेगळा. पगार आधी सात तारखेला व्हायचा तो बारा झाला, मग अठरा. ओव्हरटाइम तीन महिने थकला. मी मॅनेजरला विचारलं तर म्हणे आम्ही कॉन्ट्रॅक्टरला पैसे दिलेत, कॉन्ट्रॅक्टर म्हणे बिल अडकलंय. कायदा मला तेव्हा माहीत नव्हता, नंतर कळलं की कॉन्ट्रॅक्टरने मजुरी दिली नाही तर मूळ कंपनीने द्यायची असं तेव्हाच्या, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. पण ज्याच्या घरी गॅस संपलाय तो कायदा शोधायला कुठे जाणार.

मॅनेजर वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. तरुण होता, हुशार होता, वरून त्याला रोज फोन यायचे तारखेसाठी. त्याने सगळं नीट लावलं होतं. या वेळेला ब्रेकर वेळेवर, ड्रॉइंग पक्कं, पत्रा आधीच आलेला, एक्सेल शीटमध्ये तासातासाचा हिशोब. कागदावर ही ऑर्डर आमच्या आयुष्यातली सगळ्यात सोपी ऑर्डर होती. एचआरने सगळ्यांना टी-शर्ट दिले, पाठीवर "वन टीम वन फॅमिली". एका रविवारी कर्जतला फार्महाऊसवर टीम बिल्डिंग झालं, रस्सीखेच, डोळे बांधून चालायचं, वगैरे. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना बोलावलं नव्हतं, त्या दिवशी त्यांची शिफ्ट होती. टी-शर्ट मात्र त्यांनाही मिळाले होते, काही दिवसांनी बसबारच्या पट्ट्या पुसायला ते शर्ट वापरताना मी बघितले. बोललो नाही काही. काय बोलणार.

आणि इथे मला त्या पत्रलेखकांना सांगायचंय की निष्ठा जाते तेव्हा आवाज होत नाही. संप नाही, भांडण नाही, घोषणा नाही. सगळे वेळेवर येत होते, हजेरी शंभर टक्के. फक्त एक गोष्ट बंद झाली, केबिनवर येणं बंद झालं. आधी ड्रॉइंगमध्ये चूक दिसली की वायरमन ड्रॉइंग घेऊन वर यायचा, साहेब हा टर्मिनल नंबर दोनदा आलाय, असं कसं. आता तो चुकीच्या ड्रॉइंगप्रमाणे चुकीची वायर जोडायचा, अगदी सुबक, फेरूल सरळ रेषेत. टेस्टिंगला आलं की ट्रिप, म्हणजे ब्रेकर पडायचा. विचारलं तर, "ड्रॉइंगप्रमाणे केलंय साहेब." खरंच केलेलं असायचं. मग परत उघडा, शोधा, बदला. एक्सेलमध्ये जे काम चार तासांचं ते दोन दिवसांचं, आणि असं अकरा वेळा. पाच आठवडे उशीर झाला त्या ऑर्डरला आणि रिपोर्टात कारण लिहिलं "टेस्टिंग स्टेज रीवर्क". तो रिपोर्ट मीच लिहिला.

पण उशीर एक वेळ परवडला. बोल्टचं सांगतो.

बसबारचे जोड बोल्टने आवळतात, टॉर्क रेंचने. ठरलेल्या जोराला पाना कट् करून सुटतो, की मग बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत पिवळ्या मार्करने एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे आवळला, आणि पुढे कधी बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. शेकडो बोल्ट असतात. पॅनेल कस्टमरला दाखवायच्या आधी मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावतो, हाय व्होल्टेज टेस्ट करतो, पण या टेस्ट असतात इन्सुलेशनच्या, म्हणजे करंट भलतीकडे गळत नाही ना याच्या, बोल्ट ढिला असला तरी पॅनेल आरामात पास होतं. ढिला जोड पकडायचा तर त्याचा रेझिस्टन्स वेगळा मोजावा लागतो, आणि घाईत ते दहा ठिकाणी मोजतात आणि बाकीचं तसंच भरतात. म्हणजे शेवटी भरवसा कशावर, तर त्या पिवळ्या रेघेवर. ती ओढणाऱ्या हातावर.

साइटवर लोड आल्यावर तीन आठवड्यांनी वास यायला लागला. थर्मल कॅमेऱ्याने बघितलं तर एक जोड लालभडक, त्यावरची स्लीव्ह काळी पडलेली. आग लागली नाही हे नशीब. मी गेलो होतो. शटडाउन घेऊन कव्हर काढलं, बोल्टवर पिवळी रेघ होती, व्यवस्थित, आणि बोल्ट मी बोटांनी फिरवला. नुसत्या बोटांनी. मग बाकीचे तपासले तर त्या भागातले अजून सात तसेच, सगळ्यांवर रेघ. कोणीतरी रात्रपाळीत आधी सगळ्या रेघा ओढून टाकल्या होत्या, आवळायचं राहिलं नाहीतर राहू दिलं. दाराच्या आत कोपऱ्यात बघितलं, पेन्सिलचं अक्षर नव्हतं. एकाही पॅनेलला नव्हतं. चेकलिस्टवर सही होती, ती माझी. मी पण रेघा बघूनच सही केली होती ना. माझा पगार तर वेळेवर होत होता, मग माझं मन कुठे होतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मुलगी नेरूळला एमएमएस, म्हणजे मॅनेजमेंटचा कोर्स करते, तिला हे सांगितलं तर तिने नोट्सच काढल्या. हर्झबर्ग नावाचा अमेरिकन माणूस, त्याने पिट्सबर्गच्या बाजूला दोनशेच्या वर इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं की कामात तुम्हाला कधी खूप बरं वाटलं आणि कधी खूप वाईट. १९५९ ला छापलं. गंमत अशी की दोन्हीची कारणं वेगवेगळी निघाली. वाईट वाटण्यात पगार, कंपनीचे नियम, वरच्याचं वागणं. बरं वाटण्यात स्वतः काहीतरी करून दाखवलं, कोणीतरी ओळखलं, जबाबदारी मिळाली. म्हणजे पगार वेळेवर दिला म्हणून कोणी खिळ्यांचा फळा बनवत नाही, पण पगार थकवला की बनवायचा बंद होतो. मला हे एकदम पटलं. ती म्हणाली बाबा, यावर नंतर बरीच टीका झालीये, एवढं सरळ नसतं. नसेल. आमच्या शेडमध्ये तरी होतं.

अजून एक होतं तिच्याकडे, मेयर आणि अ‍ॅलन, कॅनडाचे, १९९१ चं. ते म्हणतात माणूस कंपनीत तीन कारणांनी टिकतो, मन लागलंय म्हणून, सोडणं परवडत नाही म्हणून, किंवा सोडणं बरं दिसत नाही म्हणून. आता ठाणे-नवी मुंबईत बघा. घोडबंदरला फ्लॅट, वीस वर्षांचा हप्ता, मुलाची फी, गाडीचा हप्ता. अर्धं ऐरोली-महापे दुसऱ्या कारणावर चाललंय! असा माणूस नोकरी सोडत नाही, सुट्टी घेत नाही, मीटिंगला कॅमेरा ऑन ठेवतो, आणि एचआरला वाटतं आपल्याकडे फार निष्ठा आहे, कोणी सोडूनच जात नाही. गॅलप नावाची अमेरिकन कंपनी दरवर्षी जगभर सर्व्हे करते, त्यात २०२४ साली कामात खरोखर मन असलेले शंभरातले फक्त २१ निघाले. म्हणजे हा रोग काही रबाळ्याचाच नाही.

सहा वाजता बॅग उचलणाऱ्याचं पण बोलू. मी कळव्याचा. रबाळे नकाशात समोर दिसतं, पण कळव्याहून आधी उलटं ठाण्याला जायचं, पूल चढायचा, नऊ-दहा नंबरवर जाऊन वाशी नाहीतर पनवेल गाडी पकडायची. कळवा-ऐरोली जोडणारी लाइन होणार होणार ऐकत मी रिटायर झालो, त्यातलं दिघा गाव स्टेशन तेवढं जानेवारी २०२४ ला उघडलं. बदलापूर-टिटवाळ्याहून येणाऱ्यांचे तर दोन-दोन तास. सहाची गाडी चुकली की घरी साडेनऊ. तो माणूस घड्याळ बघतो म्हणून त्याला कामचोर म्हणायचं? माझ्याकडचे सगळ्यात पक्के बोल्ट आवळणारे दोघं जण बरोबर साडेपाचला हात धुवायला जायचे. आणि रात्री आठपर्यंत बसणारे काही जण साहेबाची गाडी गेटबाहेर पडायची वाट बघत बसायचे, हे पण बघितलंय.

उलट बाजूने पण अतिरेक नको. नुसत्या उत्साहाने ब्रेकर येत नाही. जमीन नाही, परवानगी नाही, पैसे नाहीत, तर साइटवरचा माणूस कितीही मन लावून उभा राहिला तरी काय करणार. नवी मुंबईतल्या बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, ११ किलोमीटरला बारा वर्षं, त्याला काय एकच कारण असेल असं मी म्हणत नाही. पण या बारा वर्षांत तिथल्या खांबांवर काम करणाऱ्या पोराला आपण काय बनवतोय आणि ते कधी चालणार हे कोणी सांगितलं असेल का, असा प्रश्न मला तळोज्याकडे जाताना यायचा खरा.

आणि मग कोकण रेल्वे आठवते. माझं गाव संगमेश्वरच्या बाजूला, त्यामुळे आम्ही जवळून बघितलं. १९९० ला महामंडळ झालं, २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून ठोकूरपर्यंत पूर्ण लाइन सुरू, ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे. ठरल्यापेक्षा उशीर तिथेही झाला, मऊ मातीच्या बोगद्यांनी रडवलं. पण महामंडळाचे प्रमुख श्रीधरन साहेबांनी लाइनचे सात भाग केले, प्रत्येकाला एक चीफ इंजिनियर, आणि निर्णय त्याने साइटवरच घ्यायचा, फाइल घेऊन दिल्लीला पळायचं नाही. माझा चुलतभाऊ करबुड्याच्या बोगद्यावर सुपरवायझर होता, तो अजून "आमचा बोगदा" म्हणतो. साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडीने रत्नागिरीला जाताना करबुडे आलं की हा डब्यातल्या अनोळखी माणसांना पण सांगतो, खिडकी लावा, आमचा बोगदा आला. तीस वर्षं होत आली. पगार त्याला काही फार नव्हता तेव्हा.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमचे वार्ताहर प्रोजेक्ट रखडल्याच्या बातम्या करतात, त्यात भूसंपादन, वनखातं, निधी, कोर्ट, सगळं येतं, आणि मग अधिकाऱ्याचं वाक्य, काम युद्धपातळीवर सुरू आहे. पुढच्या वेळी साइटवर गेलात तर गेटवरच्या वॉचमनला किंवा हेल्मेट काढून चहा पिणाऱ्या एखाद्याला एवढंच विचारा की मागचा पगार कितव्या तारखेला झाला, आणि चूक दिसली तर तू कोणाला सांगतोस. सात तारखेच्या आत मजुरी द्यायची हे आधीच्या कायद्यातही (हजाराच्या आत कामगार असतील तिथे) होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जे नवीन लेबर कोड लागू झालेत त्यातही आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सात नंतरचं आलं तर तीच बातमी. दुसऱ्या प्रश्नाला माणूस नुसता हसला तर ते पण लिहा.

दिघ्याच्या वायरमनने त्या दुसऱ्या ऑर्डरनंतर वर्षभरात सोडलं, आता दोघांच्या पार्टनरशिपमध्ये छोटा गाळा आहे त्याचा, घरगुती मीटरची पॅनेलं बनवतो. मध्ये स्टेशनला भेटला, मी मुद्दाम विचारलं अक्षर लिहितोस का अजून. म्हणाला, "आता स्टिकर छापलाय काका, पण आतून पेन्सिलनं पण लिहितो."

पत्र फार लांबलंय, जागेप्रमाणे कापा. कापायचंच असेल तर हर्झबर्ग कापला तरी चालेल, बोल्टाचं तेवढं राहू द्या.

आपला,
एक रिटायर सुपरवायझर, कळवा (ठाणे)